मत मागता, तर ते मोजलं जातं हेही सांगा: जॉर्जियाच्या रिपब्लिकन पक्षाला खुले पत्र

२३ जानेवारी २०२१

प्रति,
पदाधिकारी आणि राज्य समितीचे सदस्य,
जॉर्जिया रिपब्लिकन पक्ष, अटलांटा

सन्माननीय पदाधिकारीहो,

आपण हरलो. नोव्हेंबरपासून तुमची जेवढी पत्रकं आणि ईमेल माझ्याकडे आली त्यांत एवढं एक वाक्य कुठे सापडलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते. ३ नोव्हेंबरला आपल्या राज्यात डोनाल्ड ट्रम्प ११,७७९ मतांनी हरले. ५ जानेवारीच्या रनऑफमध्ये, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या फेरीत, सिनेटच्या दोन्ही जागा गेल्या. या बुधवारी जो बायडन यांचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी कमला हॅरिस यांनी जॉन ऑसॉफ आणि राफेल वॉरनॉक यांना सिनेटची शपथ दिली. आता सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५०, आणि बरोबरी फोडायला उपाध्यक्ष हॅरिसबाईंचं मत. पहिली हार लोकांनी दिली. कडू असली तरी ती गिळता येते. दुसरी मात्र आपली आपण कमावली, आणि हे पत्र मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर रवाना केली आहे. मराठीत ते जाहीर करायचं कारण म्हणजे अटलांटाच्या आसपासच्या मराठी घरांत आपल्या पक्षाला मत देणारे तुम्हाला वाटतात त्याहून बरेच आहेत, पण ते तोंड उघडत नाहीत. मंडळाच्या गणपतीत कोणी छेडलंच तर ‘आम्ही काय, इंडिपेंडंट’ असं म्हणून मोदकाकडे वळतात. त्यांनाही हे वाचायला मिळावं. शिवाय पुण्या-सांगलीचे नातेवाईक आहेतच. गेले तीन महिने त्यांचे निरोप येतायत: ‘तुमच्याकडेही मशीनमध्ये घोटाळा झाला म्हणे?’

मी अकाउंटंट आहे. माझे क्लायंट म्हणजे मोटेलवाले, गॅस स्टेशनवाले, काही दातांचे डॉक्टर, घरून पोळीभाजीचे डबे देणारी एक मराठी बाई. नागरिक झाल्यापासून अध्यक्षपदासाठी माझं मत कायम रिपब्लिकन उमेदवाराला गेलं आहे, यंदाही गेलं. २०१७ च्या करकायद्याने कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आणला हे पेपरात येतं. त्याच कायद्यातली धंद्याच्या उत्पन्नावरची २० टक्क्यांची वजावट काय चीज आहे, ते महामार्गाकडेच्या एका मोटेलच्या मालकाला विचारा. सुप्रीम कोर्टावर गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट यांच्या नेमणुका मला हव्या होत्या. सरकारने घटनेच्या चौकटीत राहावं, माझ्या खिशात आणि मुलांच्या शाळेत हात जरा कमी घालावा, असं मला वाटतं. तेव्हा ‘ही मूळची त्यांच्याकडचीच’ असं म्हणून पत्र बाजूला टाकायची सोय तुम्हाला नाही.

आता मोजणीबद्दल. नोव्हेंबरच्या मध्याला राज्यभर हाताने मोजणी झाली तेव्हा पक्षाला निरीक्षक हवे होते. मी नाव दिलं आणि तुम्ही ते पुढे पाठवलंत. मला तुम्हीच तिथे उभं केलंत, म्हणून काय पाहिलं ते सविस्तर सांगते. कोणी विचारेल म्हणून वाट पाहिली. कोणी विचारलं नाही.

दर दहा टेबलांमागे प्रत्येक पक्षाचा एक निरीक्षक, असा हिशेब होता. मतपत्रिकेला आपण बोट लावायचं नाही, नुसतं बघायचं. प्रत्येक टेबलावर दोन माणसं. पहिल्याने मतपत्रिका उचलायची, अध्यक्षपदाच्या ओळीतलं नाव मोठ्याने वाचायचं आणि कागद दुसऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्याने तेच नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग त्या नावाच्या गठ्ठ्यावर ठेवायचं. ट्रम्प, बायडन, आणि तिसऱ्या, लिबर्टेरियन पक्षाच्या जॉर्गेन्सन. अध्यक्षपदाची ओळ कोरी सोडली असेल तर ती वेगळी. खूण कळत नसेल तर ती आणखी वेगळी, तिचा निवाडा दोन्ही पक्षांची माणसं एकत्र बसून करणार. गठ्ठे झाले की मोजणी, की तक्त्यावर आकडा, की दोघांच्या सह्या. माझ्यासमोर पांढऱ्या केसांची एक बाई आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा बसले होते. बाई दिवसभर ‘ट्रम्प’, ‘बायडन’, ‘बायडन’, ‘ट्रम्प’ म्हणत राहिल्या. त्यांनी स्वतः कोणाला मत दिलं असेल हे आवाजावरून ओळखायचा मी फार प्रयत्न केला, पत्ता लागला नाही. दुपारनंतर मास्कच्या आत त्यांचा घसा बसला तेव्हा दोघांनी जागा बदलल्या आणि पोराने वाचायला सुरुवात केली.

मतपत्रिका दोन तऱ्हेच्या होत्या. केंद्रावर मशीनवर निवड करून छापून घेतलेल्या, ज्यांवर चौकोनी क्यूआर कोड असतो आणि सोबत माणसाला वाचता येतील अशी उमेदवारांची नावं. आणि पोस्टाने आलेल्या, पेनने गोल भरलेल्या. हातमोजणीत त्या कोडकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, नावं वाचली जात होती. डोमिनियन कंपनीच्या मशीनने आत काही उलटसुलट केलं असतं तर कागदावरच्या बेरजेत ते उघडं पडलं असतं. माझा जन्म ताळे जुळवण्यात गेला आहे. खोट्या वह्या कशा दिसतात ते मला माहीत आहे, आणि जिथे मूळ पावती हातात धरून बेरीज पुन्हा करता येते तिथे खोटं फार काळ तग धरत नाही हेही माहीत आहे. सगळ्या राज्यात मिळून जवळजवळ ५० लाख पावत्या अशा हातात धरून वाचल्या गेल्या.

चुका सापडल्या नाहीत असं कोण म्हणतं? फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांवर मतपत्रिका मोजायच्याच राहिल्या होत्या. आणखी दोन-तीन काउंट्यांतही राहून गेलेली मतं निघाली. त्यांत ट्रम्प यांची मतं जास्त होती आणि ती निमूट त्यांच्या बेरजेत गेली. फरक १४ हजारांच्या घरात होता, तो १२ हजारांच्या घरात आला. मग ट्रम्प यांच्या मागणीवरून मशीनने पुन्हा मोजणी झाली आणि शेवटचा आकडा ११,७७९ ठरला. सह्यांबद्दल ओरड झाली, तर कॉब काउंटीत जॉर्जिया ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनच्या माणसांना बसवून पोस्टाच्या मतांचे १५,११८ लिफाफे तपासले गेले. एकही बनावट मतपत्रिका निघाली नाही.

आणि ही व्यवस्था उभी केली कोणी? विनाकारण पोस्टाने मत देता येईल असा कायदा २००५ साली जॉर्जियात झाला, विधिमंडळ आणि गव्हर्नर दोन्ही आपले असताना. छापील कागदाची नवी मशीनं २०१९ च्या कायद्याने आली, तोही आपलाच. त्याआधी २००२ पासून पडद्यावर बोट लावायचं आणि बाकी देवावर सोडायचं, असा कारभार होता. फेरमोजणीला कागदच नव्हता. गव्हर्नर ब्रायन केम्प आपले, निवडणुका चालवणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर आपले. आपल्याच घरच्या तराजूवर वजन कमी भरलं म्हणून आता तराजूच खोटा!

त्याच कागदावरचे आणखी दोन आकडे बघा, तुमच्याकडेही असतील. अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना जॉर्जियात २४,६१,८५४ मतं पडली. त्याच मतपत्रिकेवर खाली सिनेटसाठी डेव्हिड पर्ड्यू यांना २४,६२,६१७. म्हणजे पर्ड्यू ७६३ मतांनी ट्रम्प यांच्या पुढे. उलट बायडन यांच्यापेक्षा त्यांच्याच पक्षाच्या ऑसॉफ यांना सुमारे ९९ हजार मतं कमी. पर्ड्यू त्या दिवशी ऑसॉफ यांच्या ८८ हजारांनी पुढे होते, फक्त लिबर्टेरियन उमेदवाराने खाल्लेल्या मतांमुळे ५० टक्क्यांची रेघ थोडक्यात हुकली आणि राज्याच्या नियमाप्रमाणे रनऑफ लागली. आता मला सांगा, मतं चोरणारा इतका भला कसा की त्याने वरची ओळ चोरली आणि त्याच कागदावरची खालची ओळ आपल्या माणसासाठी सोडून दिली? सरळ अर्थ असा, की खाली रिपब्लिकनला मत देणाऱ्या काही हजार लोकांनी वर बायडन लिहिलं, नाहीतर जॉर्गेन्सन, नाहीतर ती ओळ मोकळी ठेवली. एकट्या जॉर्गेन्सनबाईंनाच ६२ हजार मतं आहेत.

ही माणसं मला माहीत आहेत, माझ्या आजूबाजूला राहतात. फोर्सिथ काउंटीत २०१२ साली मिट रोम्नी यांना ८० टक्के मतं होती. या वेळी ट्रम्प यांना तिथे ६६ टक्क्यांच्या आसपास. जिंकलो खरे, पण गळती बघा. कॉब आणि ग्विनेट तर रोम्नींनी जिंकलेल्या काउंट्या, त्या बायडन यांनी मोठ्या फरकाने नेल्या. इथे घरं घेतलेले भारतीय, कोरियन, चिनी लोक धंदा-नोकरी करतात, कर भरतात, मुलांना शाळेत पहिलं आणू बघतात, देवळात किंवा चर्चमध्ये जातात. आपल्या पक्षाला यांच्याहून सोपा मतदार कुठे मिळणार होता?

आणि आपण काय केलं? १६ ऑक्टोबरला मेकनच्या सभेत व्यासपीठावरून पर्ड्यूसाहेबांनी हॅरिसबाईंच्या नावाची ‘कमला-माला-माला’ अशी खिल्ली उडवली आणि समोरचे खदखदून हसले. सिनेटमध्ये ते पावणेचार वर्षं बाईंबरोबर बसत होते. प्रचारवाल्यांनी नंतर खुलासा केला की उच्चार चुकला, मनात काही नव्हतं. मी हॅरिसबाईंना मत दिलेलं नाही आणि पुढेही देईन असं वाटत नाही; त्यांची धोरणं मला पटत नाहीत. पण आमच्या गल्लीत पर्ड्यूंची पाटी अंगणात लावणारा एकच देशी माणूस होता, शेजारचा तेलुगू इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी गेलेली. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. त्याच्या बायकोचं नावही आपल्या कुठल्या पुढाऱ्याला धड म्हणता येणार नाही.

तर पहिल्या पराभवाची कारणं ही अशी. करोना होता, पहिल्या डिबेटमधली आरडाओरड होती, पुष्कळ काही होतं. त्यावर विचार करून दुरुस्ती करता आली असती, आणि हातात दोन महिने होते. सिनेटच्या दोन जागा राखायच्या होत्या. कॉर्पोरेट कर पुन्हा २८ टक्क्यांवर नेण्याची बायडन यांची घोषणा, न्यायाधीशांच्या नेमणुका, सगळं त्या दोन जागांवर अडकलं होतं. एक जागा राखली असती तरी भागलं असतं.

त्या दोन महिन्यांत काय झालं? ९ नोव्हेंबरला पर्ड्यू आणि दुसऱ्या जागेवरच्या आपल्या सिनेटर केली लोफ्लर यांनी मिळून रॅफेन्सपर्गर यांचा राजीनामा मागितला. हातमोजणी सुरूही व्हायची होती. मग पेरलं ते उगवत गेलं. २ डिसेंबरला आमच्या इथून जवळ, अल्फारेटाच्या विल्स पार्कमध्ये, लिन वूड आणि सिडनी पॉवेल या वकिलांची सभा झाली. तिथे वूड यांनी रिपब्लिकन मतदारांना सांगितलं की या दोघा सिनेटरांना मत देऊ नका, आधी त्यांना ट्रम्पसाठी काही करून दाखवू द्या. पुढे व्हॅल्डोस्टा आणि डाल्टनच्या सभांत ट्रम्प आले ते सिनेटच्या उमेदवारांसाठी, आणि बोलले मुख्यतः स्वतःच्या निकालाबद्दल. निवडणूक चोरली, आणि आता परत मत द्यायला या, ही दोन वाक्यं एका दमात! ज्याला थोडा तर्क कळतो त्याने काय करावं?

आमच्या घरात काय झालं ते सांगते. माझे सासरे, अप्पा, सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत हेडमास्तर होते. ऐंशी ओलांडली आहे, नागरिकत्वाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेत आणि दिवसभर फॉक्स न्यूज लावून बसतात. नोव्हेंबरात करोनामुळे त्यांना बाहेर न्यायचं नव्हतं, म्हणून पोस्टाने मतपत्रिका मागवली. जेवणाचं टेबल रिकामं करून, चष्मा पुसून, काळ्या पेनाने त्यांनी एकेक गोल असा भरला की रेषेबाहेर शाईचा ठिपका नाही. लिफाफ्यावरची शपथ दोनदा वाचली. सही केली आणि प्रगतिपुस्तकावर करायचे तशी खाली रेघ ओढली. काही दिवसांनी राज्याच्या माय व्होटर पेज या संकेतस्थळावर ‘स्वीकारली’ अशी नोंद दिसली, तर मला तिची प्रिंट काढायला लावली आणि पासपोर्टच्या फाइलीत ठेवली.

डिसेंबरात रनऑफसाठी अर्ज भरायची वेळ आली तर म्हणाले, ‘राहू दे.’ मी म्हटलं, अप्पा, सिनेट जाईल. तर म्हणाले, ‘अगं, तुमचेच पुढारी सांगतायत की पोस्टातली मतं पळवतात. मग मी कशाला गोल भरत बसू?’ मी ती प्रिंट काढून पुढे केली. त्यांनी बघितली आणि म्हणाले, ‘प्रिंट काय, कोणीही काढतं.’ नोकरीभर हजेरीपटावर खाडाखोड खपवून न घेतलेला माणूस हा. त्याला स्वतःच्या सहीच्या कागदावर भरवसा वाटेना. डेमोक्रॅटांनी नाही हे केलं. आपल्या लोकांनी केलं, आपल्या वाहिनीवर येऊन, आणि तेही आपलं एक हक्काचं मत असताना.

असे अप्पा राज्यात किती, ते निकालात दिसतं. नोव्हेंबरच्या २४ लाख ६२ हजारांवरून जानेवारीत पर्ड्यू २२ लाख १४ हजारांवर आले, सुमारे २ लाख ४८ हजारांची घट. ऑसॉफ यांचीही मतं घटली, पण सुमारे १ लाख ५ हजारांनी. पर्ड्यू हरले सुमारे ५५ हजारांनी. प्रत्येक न आलेला मतदार या एकाच कारणाने घरी बसला असं मी म्हणत नाही. करोनाच्या मदतीच्या दोन हजार डॉलरच्या चेकवरून वॉशिंग्टनमध्ये जो घोळ घातला त्यानेही काही गेले असतील. पण वायव्य जॉर्जियातल्या, आपल्या पक्क्या पट्ट्यात मतदान पडलं, आणि अटलांटाच्या आसपास त्यांचे लोक त्या मानाने टिकून राहिले, याचा दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही.

या सगळ्या काळात खरं बोलले ते आपल्याच पक्षाचे अधिकारी, आणि शिव्या खाल्ल्या त्यांनी. ग्विनेट काउंटीत मशीनवर काम करणाऱ्या एका तरुण कंत्राटी कामगाराचं नाव आणि फासाचं चित्र इंटरनेटवर फिरलं. त्यावर १ डिसेंबरला रॅफेन्सपर्गर यांच्या कार्यालयातले अधिकारी गेब्रियल स्टर्लिंग चिडून बोलले, की हे थांबवा, नाहीतर कोणीतरी जिवानिशी जाईल. स्टर्लिंग रिपब्लिकन. २ जानेवारीला ट्रम्प यांनी तासभर फोनवर ११,७८० मतं ‘शोधून’ द्यायला सांगितलं आणि पाच हजारांच्या आसपास मेलेल्यांनी मत दिल्याचं ऐकवलं, तेव्हा असे दोन सापडलेत, असं शांतपणे उत्तर देणारे रॅफेन्सपर्गरही रिपब्लिकन. कोर्टाचंही तेच. लिन वूड यांची मागणी फेटाळणारे न्यायाधीश ग्रिमबर्ग खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले. पेनसिल्व्हेनियाच्या प्रकरणात निवडणूक अन्यायाची झाली असं नुसतं म्हटल्याने ती तशी होत नाही, असं लिहिणारे न्यायाधीश बिबास, तेही ट्रम्प यांनीच नेमलेले. घटनेला धरून निकाल देणारे न्यायाधीश हवेत, असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. ते मिळाले.

इथे सांगलीच्या भाच्यासाठी थोडं थांबते, त्याने फार पिच्छा पुरवला आहे. भारतातल्या ईव्हीएमच्या वादात तुमचं मत काहीही असो, आमच्याकडची मोजणी त्याला धरून समजून घेऊ नका. तुमच्याकडे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड काही सेकंद दिसते आणि पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताडतात. जॉर्जियात कागद मतदाराच्या हातात येतो, तो स्वतः वाचून स्कॅनरमध्ये घालतो, आणि या नोव्हेंबरात राज्यातला प्रत्येक कागद हाताने मोजला गेला. तेव्हा ‘अमेरिकेतही हेच चालतं’ हा मेसेज पुढे ढकलायचं कृपया बंद कर.

६ जानेवारीबद्दल मी फार लिहिणार नाही. टीव्हीसमोर आम्ही सगळेच बसलो होतो. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर आपले झेंडे घेऊन पोलिसांना मारणारी माणसं बघून एरवी आवाज मोठा ठेवणाऱ्या अप्पांनी टीव्ही बंद करायला सांगितला. मला बोलायचंय ते त्या रात्रीच्या अमेरिकी संसदेतल्या कामकाजाबद्दल, जिथे राज्यांची इलेक्टोरल, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी, मतं मोजली जात होती. खासदार जोडी हाइस जॉर्जियाच्या मतांवर हरकत घ्यायला उभे राहिले, पण सिनेटमधून सोबत कोणी उरलं नव्हतं. लोफ्लरबाईंनी सकाळपर्यंत हरकतीला पाठिंबा जाहीर केलेला होता, रात्री तो मागे घेतला. मागे घेतला हे बरं केलं. पण हरकत टिकून दोन्ही सभागृहांनी ती मान्य केली असती, तर जॉर्जियाची १६ मतं रद्द झाली असती. माझी मागणी होती का तशी? माझ्या आणि अप्पांच्या वतीने ती कोणी केली? त्याआधी १४ डिसेंबरला राज्याच्या कॅपिटॉलमध्ये आपल्या सोळा जणांनी वेगळ्या खोलीत बसून ट्रम्प यांच्या नावाने इलेक्टोरल मतं दिली, ‘कोर्टातला दावा जिवंत ठेवायला’ असं त्याचं समर्थन झालं. दावा आता संपला आहे. त्या कागदांचं पुढे काय, याचं स्पष्टीकरण सभासदांना मिळायला हवं.

आता विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे आणि पोस्टाच्या मतदानावर नवे नियम आणायची भाषा चालली आहे. ओळखपत्राच्या अटीला माझा पाठिंबा आहे. सही जुळते की नाही हे कारकुनाच्या नजरेवर सोडण्यापेक्षा लायसन्सचा नंबर विचारणं कधीही बरं. पण विनाकारण पोस्टाने मत द्यायची सोयच काढायची म्हणत असाल, तर आधी अप्पांसारख्यांची घरं मोजा. रॅफेन्सपर्गर यांनीच सांगितलंय की जूनच्या प्राथमिक निवडणुकीत पोस्टाने मत दिलेले सुमारे २४ हजार रिपब्लिकन मतदार नोव्हेंबरात आलेच नाहीत. पोस्टाने मत देऊ नका, असं आपणच त्यांना सांगत होतो. ११,७७९ चा फरक होता, लक्षात आहे ना?

पुढच्या वर्षी गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि वॉरनॉक यांची सिनेटची जागा, तिन्ही निवडणुका आहेत. केम्प आणि रॅफेन्सपर्गर यांना पाडायच्या गोष्टी आतापासून कानावर येतात. प्राथमिक निवडणुकीत त्यांच्यासमोर कोणालाही उभं करा, तो पक्षाचा अधिकार आहे. मात्र ‘यांनी आकडा बदलला नाही’ एवढाच ज्याचा आरोप असेल, त्या उमेदवाराला आमच्या घरातून मत मिळणार नाही. देणगीचं आवाहन करणारे तुमचे ईमेल अजून रोज येतात, त्यांच्या विषयाच्या ओळीत अजूनही ‘चोरी’ आहे. तो शब्द निघेपर्यंत माझ्याकडून एक डॉलर येणार नाही.

वसंत ऋतूत काउंटीची अधिवेशनं होतील. आमच्या काउंटीत मी एक ठराव मांडणार आहे, अनुमोदक मिळाला आहे. मजकूर असा: ‘नोव्हेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ या दोन्ही निवडणुकांचे जॉर्जियातले निकाल खरे आहेत व पक्षाला ते मान्य आहेत.’ त्याची प्रत इंग्रजी पत्रासोबत जोडली आहे. राज्य समितीने तोच ठराव आपण होऊन आधी केला तर मला अधिवेशनात बोलायची गरज उरणार नाही. केला नाही, तर विरोधात बोलणाऱ्यांनी आपापले आकडे घेऊन यावं. माझे मी आणणार आहे.

आपली,
एक रिपब्लिकन मतदार
उत्तर जॉर्जिया